तीन हाळ्या

“देवस्थळी, तुमचं धुकं रजेवर गेलंय की काय?”

केळुसकर साहेब असं म्हणाले आणि बाकीचे अकरा जण हसले. देवस्थळी सरही हसले, पण त्यांचा अंगठा कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर मागेपुढे घासत राहिला. मी त्यांच्या मागे दोन्ही खांद्यांवर दोन तिपाया घेऊन उभा होतो. कॅमेरा ज्याच्यावर बसवतात त्या तीन पायांच्या स्टँडला मी तिपाई म्हणायचो. पुढेपुढे सरही तेच म्हणायला लागले होते.

शिबिराची ती दुसरी सकाळ. आश्विन महिना, पाऊस जाऊन पंधरा दिवस झालेले. मोहोळकड्याखालच्या जांभळांच्या राईत ही मंडळी उजाडायच्या आधीपासून तिपाया रोवून उभी होती. सूर्य कड्याच्या कडेवरून वर आला, ऊन झाडांतून खाली उतरलं आणि नुसतंच जमिनीवर पडलं. सरांनी शिबिराचं पत्रक छापलं होतं, त्यावरच्या चित्रात याच झाडांमधून उजेडाचे पट्टे खाली आले होते, वरून कुणी पांढरी धोतरं सोडावीत तसे. ते बघून ही माणसं मुंबई-पुण्याहून आली होती.

“हवेत काही तरंगत असल्याशिवाय किरण दिसत नाही,” सर त्यांना समजावत होते. “धुकं हवं. निदान दमटपणा हवा.”

“मग आणा की,” केळुसकर साहेब म्हणाले. ते बँकेतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते, बोलण्यात कुणाला ऐकायचे नाहीत. “नुसतं ऊन बघायला एवढा डोंगर चढलो काय आम्ही? ते दादरला माझ्या गच्चीतसुद्धा पडतं.”

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग मी हसायचा थांबलो.

देवस्थळी सर म्हणजे बारा महिने जीपमधून फिरणारा माणूस. कोकणचा किनारा, सातपुडा, पठारं, नद्यांची खोरी, जिथं जाईल तिथं डोंगराची, पाण्याची, झाडाची चित्रं काढायची. ती मोठी करून, चौकटीत घालून शहरात प्रदर्शनं भरवायची. दवाखाने, हॉटेलं, बंगलेवाले ती विकत घेत. मधल्या दिवसांत असे हौशी लोक गोळा करून त्यांना शिकवायचं. चार वर्षं आमच्या माचवाडीत ते शिबिर घेत होते आणि चार वर्षं वाट दाखवायला, ओझं वाहायला मी होतो. त्यांचा एक नियम होता. चित्रात माणूस नको. “माणूस आला की डोंगर लहान होतो, हैबती. तू जरा बाजूला हो.” चार वर्षं मी बाजूला होत आलो होतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

कारण सरांनी मला कबूल केलं होतं की या शिबिरानंतर ते मला सगळ्या दौऱ्यांवर बरोबर नेतील. आमच्या वाडीतली माणसं दिवाळी झाली की खाली बागायतीत मजुरीला जात. बांधावर पालं ठोकून होळीपर्यंत राहत. मी बावीस वर्षं गेलो होतो. बायकोचं एक बाळंतपण तिथं पालात झालं होतं, आणि ते मूल तिथंच बांधाला पुरलं होतं. मला पुन्हा त्या बांधावर जायचं नव्हतं. तेवढंच मला हवं होतं, दुसरं काही नाही.

दुपारी मंडळी जेवून शाळेच्या ओसरीत पडली तेव्हा सरांनी मला ओढ्याकडे बोलावलं.

“हैबती, उद्याचा एकच दिवस राहिलाय. ही माणसं रिकाम्या हातानं गेली तर पुढच्या वर्षी कोण येणार? साबळेवाडीचा नामा मला दोनदा भेटून गेलाय. त्यांच्याकडे धबधबा आहे. धुक्याची भानगडच नाही.”

त्यांनी एकदा मागं वळून शाळेकडे बघितलं.

“ओल्या गवताचा धूर किती वेळ टिकतो?” त्यांनी विचारलं.

मला कळलं.

“कड्याखाली धूर करीत न्हाईत, सर.”

“का?”

मी वर बोट दाखवलं. राईच्या डोक्यावर मोहोळकडा उभा होता आणि त्याच्या पोटाला सुपाएवढी अकरा काळी पोळी लोंबत होती. आग्या माश्या. त्या वर्षी सात वर्षांनी कारवी फुलली होती, सगळा डोंगर जांभळा झाला होता, आणि पोळी मधानं जड झाली होती. हा मध काढायचं काम आमच्या घरात होतं. माझा थोरला भाऊ चिंधूदादा दोराला लोंबकळून कड्यावर उतरायचा. त्याच्याआधी आमचा बाप उतरायचा. म्हणून वाडीत एक रीत होती. कड्याखाली चूल नाही, विडीसुद्धा नाही. धूर करायचाच असला तर आधी कड्याकडे तोंड करून तीन हाळ्या द्यायच्या. वर माणूस असला तर तो उलटी हाळी देतो, मग काडी ओढायची नाही. तिन्ही हाळ्या कड्यावर आपटून रिकाम्या परत आल्या, तरच.

हे सगळं मी सरांना सांगितलं.

“म्हणजे करतात धूर,” सर म्हणाले. “हाळी देऊन करतात.”

“व्हय. तीन दिऊन.”

“तेवढी हाळी मात्र नको.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बारा माणसं तिथं उभी असणार. तू ओरडलास की विचारतील, कोण ओरडलं, काय झालं? मग मागं येऊन बघतील. मग ते नाटक झालं. त्यांना वाटलं पाहिजे की आपोआप आलं. आवाज अजिबात नको.”

“पर वर मानूस असला तर?”

“सकाळी सातला असतं का कुणी?”

“सहसा नसतं,” मी म्हणालो.

हा शब्द माझाच. सरांनी तो माझ्या तोंडात घातला नव्हता.

मी त्यांना हेही सांगितलं की पहाटेचा वारा डोंगरावरून खाली वाहतो, धूर ओढ्याओढ्यानं खाली जाईल. ते म्हणाले, “बघ, तूच सांगतोस.” ऊन तापलं की तोच वारा फिरतो आणि वर चढायला लागतो, हे मी सांगितलं नाही. वाडीतल्या शेंबड्या पोराला जे माहीत असतं ते मी गिळून टाकलं. मग विळा घेतला आणि ओढ्याकाठचं दोन भारे ओलं गवत कापून मोठ्या धोंड्याआड रचून ठेवलं.

दिवेलागणीला दादाच्या अंगणात गेलो. दादा घायपाताचा दोर पायाच्या अंगठ्यात धरून त्याचे पीळ तपासत होता. ठकूवैनी उडदाच्या शेंगा निवडत बसली होती.

“आलं का फोटूवाल्याचं तट्टू?” दादा म्हणाला. “काय काय वाह्यलंस आज?”

“तिपाया.”

“आन् फोटूत हायेस का कुठं?”

“न्हाई.”

“चार वर्सं झाली तट्टू होऊन. एक फोटू न्हाई तुझा?”

“अवो, त्यास्नी डोंगर लागतो,” वैनी म्हणाली. “मानसाचं तोंड बघून दूध नासतं त्यांचं.”

दादा खो खो हसला. “माझा काढाय सांग त्याला. कड्यावर लोंबताना. पन्नास वर्सांचं वय झालं, वर कसा दिसतो ते मलाच ठाव न्हाई. हिनं बी कंदी बघितलं न्हाई.”

“मला नगं बघाया,” वैनी म्हणाली. “तुमी घरी आलेलं बघते तेवढं बास हाय.”

मग दोर गुंडाळता गुंडाळता दादा म्हणाला, “उद्या न्हाईतर परवा उतरून बघतो, पोळी कितपत भरली ते. धूरबीर न्हाई, नुसतं बघून याचं. तुझी शहरातली खाली शिग्रेटी वढाया लागली तर हाळी दे मला.”

“देईन.”

“तीन दे.”

“तीन देईन की.”

“न्हाईतर दोन दिशील आन् एक फोटूवाल्यासाठी ठिवशील.”

वैनी तोंडाला पदर लावून हसली.

उद्या नको, परवा उतर, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तो का म्हणून विचारणार. मी धूर म्हटला असता तर त्यानं करू दिला नसता. मी वैनीच्या हातचा गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यालो आणि घरी आलो.

सकाळी सगळे आपापल्या जागी उभे राहिले. आभाळ असं स्वच्छ होतं की पलीकडच्या खोऱ्यातली गुरं मोजता आली असती. मी धोंड्याआड कारवीच्या वाळक्या काटक्या खाली आणि ओलं गवत वर असं रचून उकिडवा बसलो. सरांचा इशारा ठरला होता. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला की काडी ओढायची.

रुमाल निघाला. मी काडेपेटी हातात घेतली आणि उठून उभा राहिलो. कशाला उठलो ते मला आधी कळलंच नाही. छाती भरली होती, तळहात तोंडाशी गेला होता, मान कड्याकडे वळली होती. लहानपणापासूनची सवय. सरांनी झाडांमधून मागं वळून बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी भरलेला श्वास नाकानं सोडला. खाली बसलो. काडी ओढली.

धूर आधी गवतातच घुटमळला, मग जमिनीसरसा वाहत जांभळांच्या बुंध्यांमध्ये शिरला. तेवढ्यात कड्याच्या कडेवरून ऊन आलं. आणि झाडांच्या मधून पट्टेच्या पट्टे खाली उतरले. पत्रकावर होते त्याहून लांब, त्याहून पांढरे. मग कॅमेऱ्यांचे आवाज सुरू झाले, गवतात टोळ उडतात तसे. एका डॉक्टरीण बाईंनी हात जोडले. केळुसकर साहेबांचा घोगरा आवाज आला, “देवस्थळी, मी काल जे बोललो ते मागे घेतो हो.”

“निसर्गाला घाई करून चालत नाही,” सर म्हणाले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, पण ती पाठसुद्धा खूश दिसत होती.

खोटं कशाला लिहू, मलाही आनंद झाला. मी धोंड्याआडून ते उजेडाचे पट्टे बघत मुठीमुठीनं गवत घालत होतो. आता बागायतीचा बांध सुटला, असं माझ्या मनात येत होतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मानेला वारा लागला. खालून वर. मी धुराकडे बघितलं, तर तो वाहायचा थांबून उभा राहिला होता. मग हळूच कड्याकडे कलला. मी गवतावर माती लोटली, तर दबलेल्या गवतानं आणखी दाट धूर सोडला. ओंजळी ओंजळीनं ओढ्याचं पाणी आणून टाकलं. विस्तव चरचरला आणि सगळा पांढरा लोट एकदम वर निघाला.

मग आवाज आला. लांब घाटात मालट्रक चढावा तसा. मी वर बघितलं. कड्याच्या पोटावरचं एक काळं सूप जागच्या जागी विरघळलं. मग त्याच्या शेजारचं.

आणि वरून हाळी आली.

एकच. लांबलचक. मी न दिलेल्या हाळीला वरून उत्तर आलं.

“कुणी गुराखी असेल,” डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

सरांनी माश्या बघितल्या होत्या. “चला, चला, आवरा, कॅमेरे झाका, जीपकडे!” त्यांनी सगळ्यांना ढकलत राईबाहेर काढलं. केळुसकर साहेबांच्या कानाला एक माशी चावली. त्या बारा जणांना झालं ते एवढंच.

मी घोंगडं डोक्यावरून घेऊन आडवाटेनं कड्याच्या पायथ्याकडे पळालो. दोर वर झाडाला बांधलेलाच होता, खालचं टोक मोकळं हलत होतं. दादानं तो सोडला होता. करवंदीच्या जाळीत तो सापडला. तोंड मला ओळखू आलं नाही. कमरेचा करदोटा ओळखला.

वाडी जमली. पाटलांनी विचारलं, “कशानं उठल्या रं माश्या?”

कुणी काही बोलायच्या आधी मी बोललो, “मोहोळघार झडपली आसंल.” मोहोळघार ही पोळ्यावर झडप घालणारी घार. ती झडपली की माश्या उठतात, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्याच भावाचा मुडदा पुढ्यात होता, तेव्हा मी खोटं बोलेन असं कुणाच्या मनात येणार? पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं. मी त्याखाली अंगठा केला.

महिन्यानं सर आले. जीपमधून त्यांनी कापडात गुंडाळलेली एक तसबीर काढली आणि गावाबाहेरच, वडाच्या सावलीत, मला उघडून दाखवली. जांभळांची राई, ते उजेडाचे पट्टे आणि वर कोपऱ्यात मोहोळकडा.

“मोठा करताना दिसलं,” ते म्हणाले आणि खिशातलं भिंग माझ्या हातात दिलं. “इथं बघ.”

कड्यावर केसासारखी एक रेघ होती. रेघेच्या टोकाला मुंगीएवढा माणूस. एक पाय कड्याला टेकलेला, एक मोकळा.

“तुझ्या वहिनींना द्यावासा वाटला. त्यांच्याकडे फोटो नसणार ना दुसरा?”

“न्हाई.”

सरांचे डोळे भरले होते. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. चष्मा पुसत ते म्हणाले, “बाकीचं आपल्या दोघांतच राहू दे, हैबती. सांगून तो परत येणार आहे का?”

मी मान हलवली. दिवाळीनंतर वाडी बागायतीत गेली आणि मी जीपमध्ये बसलो.

वैनीनं तसबीर देवांच्या फळीशेजारी लावली. तिला ठिपका दाखवला तेव्हा तिनं काचेवर बोट ठेवलं. “हे व्हय? हे?” आणि मग, “त्यास्नी फोटू पायजेच व्हता.” काचेवर त्या ठिपक्याच्या खाली तिनं गंधाचं बोट टेकवलं. तसबिरीच्या पांढऱ्या काठावर सरांनी स्वतःच्या हातानं शाईनं काहीतरी लिहिलं होतं. ते काय आहे हे मी विचारलं नाही.

सात वर्षं मी सरांबरोबर हिंडलो. समुद्र बघितला, वाळवंट बघितलं. सगळीकडे तिपाया रोवल्या आणि बाजूला झालो. शहरात प्रदर्शन भरायचं तेव्हा तसबिरी टांगायचं काम माझं. आमच्या राईची तसबीर सगळ्यांत मोठी, दारातच लागायची. लोक तिच्यापुढे उभे राहून हळू आवाजात बोलत. ती किती घरांत गेली त्याची मोजदाद मी ठेवली नाही.

पहिल्याच प्रदर्शनात ती टांगताना मी कोपऱ्यातल्या कड्याशी डोळे नेले. मग सरांचं भिंग मागून घेतलं. पोळी होती. कपार होती. रेघ नव्हती. दादा नव्हता.

“सर, इथला मानूस?”

सर दुसऱ्या तसबिरीची कड पुसत होते. “काढला तो. ब्रशनं काढता येतो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लोकांना डाग वाटायचा रे. बोटानं काच पुसायला लागायचे.”

मी मान हलवली आणि पुढची तसबीर उचलली.

गुडघे गेले तेव्हा मी वाडीत परतलो. त्या वर्षी शाळेच्या ओसरीत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला होता. बावन्नाव्या वर्षी मी पाटी घेऊन बसलो. वाडी हसली. शिकवणारी पोरगी माझ्या सुनेपेक्षा लहान होती, पण चुकलं की मला “आजोबा, परत” असं दरडावून म्हणायची. पहिलं वर्ष सरता सरता मला एसटीची पाटी वाचता यायला लागली, मग साबणाचा कागद, मग पंचायतीच्या भिंतीवरचं सगळं. मी दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटलो होतो. लोक वैतागले होते.

एका सकाळी वैनीचा निरोप आला. गेलो तर ती तसबीर खाली उतरवून, मांडीवर घेऊन बसली होती. दादा गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मला वाटायचं, दुःख आहे, बोलवत नसेल.

“भावजी, तुमी वाचाया शिकलात म्हनं.”

“थोडं थोडं.”

“मग हे वाचा.” तिनं पांढऱ्या काठावर बोट ठेवलं.

शाई विटली होती, पण अक्षर सुबक होतं. मी पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं, आणि थांबलो.

“वाचा की. अडलं का?”

“धुकं,” मी म्हणालो. “धुकं, मोहोळकडा. म्होरं सरांची सही.”

बाहेर कोंबड्या उकरत होत्या.

“त्या दिशी धुकं न्हवतं, भावजी. त्या दिशी लख्ख ऊन व्हतं. मी उजाडतानाच उडीद वाळत घातला व्हता. धुकं असतं तर घातला असता का?” तिचा आवाज चढला नाही. “आन् त्ये निघताना मी म्हनलं, आज त्या शहरातल्या लोकांची गर्दी हाय, नगा जाऊ. तर म्हनले, खाली हैबती हाय, त्यो हाळी देईल. मी अंगनात उभी राहून कान दिऊन व्हते. एकच आली. ती बी त्यांचीच.”

“वैनी...”

“शाळंच्या मास्तरांनी मला हे पयल्याच म्हैन्यात वाचून दावलंय. तवापासनं मला ठाव हाय हितं काय लिवलंय. मला तुमच्या तोंडातनं ऐकायचं व्हतं.” तिनं तसबीर माझ्या हातात दिली. “आता खिळ्याला लावा जागेवर.”

मी तसबीर लावली. मला वाटलं, आता ती पाटलांकडे जाईल, वाडी गोळा करील, मला शिव्या देईल. तिनं तसलं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या घरी नेहमीसारखी भाजी पाठवली. फक्त त्यानंतर मी कधीही तिच्याकडे गेलो, दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, कुणाच्या लग्नाची तारीख सांगायला गेलो, की ती आधी पाट द्यायची, पाणी द्यायची आणि मग भिंतीकडे बोट करायची.

“वाचा, भावजी.”

आणि मी वाचायचो. “धुकं, मोहोळकडा.”

“बरं,” ती म्हणायची. मग पुढचं बोलणं व्हायचं.

बारा वर्षं असं चाललं. माझ्या बायकोला ते आधी देवाधर्माचं काही वाटायचं. मग ती माझ्याबरोबर यायची थांबली. सर कधीच गेले होते. त्यांच्या मृत्यूची बातमी छापून आली होती, सोबत आमच्या राईचं चित्र होतं. ती मीच वाचली होती, वर्गातल्या पोरीपुढे, न अडखळता.

वैनीनं अंथरूण धरलं तेव्हा तिची लेक सासरहून आली होती. तिनं मला बोलावणं पाठवलं. वैनी कुशीवर होती, हाडांची मोळी राहिली होती. पाणी देण्याइतकी ताकद नव्हती, पण तिनं उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे खूण केली, म्हणून लेकीनं मला पाणी दिलं. मग वैनीचा हात भिंतीकडे गेला.

“वाचा.”

लेक म्हणाली, “आता कशाला, आई? काका उभ्यानं दमलेत.”

“वाचू दे.”

मी तसबिरीपुढे उभा राहिलो. काचेवर गंधाचे थर वाळून खवले झाले होते. त्याखाली रेघ होती, रेघेच्या टोकाला दादा होता. मी काठावरच्या अक्षरांकडे बघितलं. ती मला पाठ होती, बघायची गरज नव्हती. मग मी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“धूर,” मी म्हणालो. “धूर, मोहोळकडा. मी केला. हाळी दिली न्हाई.”

लेकीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

वैनीनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, जरा वेळ, जसं अंगणात आलेल्या एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

“आता आलं तुमास्नी वाचाया,” ती म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.